जुना बॉयलर काढून हीट पंप : १४ किलोवॅट की ८? आणि बिलाचं खरं गणित काय?

थंडगार

मंडळी, आजवर वाचनमात्र होतो. आता गळ्याशी आलं म्हणून लिहितोय.

घरातला गॅस बॉयलर २० वर्षांचा झालाय. यंदा दोनदा बंद पडला. दुरुस्तीवाला म्हणतो, एखादा हिवाळा ढकलेल, पुढचं सांगता येत नाही. बदलायचाच आहे तर हीट पंप का नको, म्हणून दोन कंत्राटदारांना बोलावलं. पहिल्याने घराभोवती एक चक्कर मारली, क्षेत्रफळ विचारलं आणि १४ किलोवॅटचं यंत्र सांगून मोकळा झाला. दुसरा दोन तास खोल्या मोजत होता, खिडक्या-भिंती तपासत होता. तो म्हणाला ८ किलोवॅट पुरे. घर तेच, मग एवढा फरक कसा?

घर जुनं आहे. खोल्यांत रेडिएटर आहेत, फरशीखाली नळ्या नाहीत. माळ्यावर जाड इन्सुलेशन केलेलं आहे, खिडक्या दुहेरी काचेच्या. गरम पाणी धरून वर्षाला साधारण १८,००० युनिट गॅस जळतो (युनिट म्हणजे किलोवॅट-तास). विजेचं युनिट गॅसच्या युनिटच्या ३.२ पट महाग पडतं.

ओळखीतला एक जण सांगतो बिल उतरलं, दुसरा सांगतो दुप्पट झालं. कोणावर विश्वास ठेवू?

शंकासुर

दुसऱ्यावर. बाहेर उणे ५ असताना त्याच हवेतून उष्णता काढून घर तापवणार म्हणे! आणि वर कार्यक्षमता ३०० टक्के. कोणी १०० च्या वरची कार्यक्षमता सांगू लागला की मी आधी खिसा चाचपतो.

उष्णतावाहक

शंकासुर, खिसा चाचपायची सवय चांगली, पण इथे गफलत होतेय. हीट पंप उष्णता तयार करत नाही. तो हमाल आहे. बाहेर पडलेला माल उचलून आत आणून टाकतो आणि त्याची हमाली घेतो. १ युनिट विजेची हमाली देऊन ३ युनिट उष्णता आत आली, तर त्यातलं १ विजेचंच असतं, २ बाहेरून उचललेली. म्हणून ३०० टक्के हा शब्दच फसवा आहे. त्याला सीओपी ३ म्हणतात. आणि हमालाचा नियम इथेही लागू आहे. जिना जितका उंच, तितकी हमाली जास्त.

उणे ५ ला हवेत उष्णता नसते हे आपल्या कातडीचं मत. शून्य खरं सुरू होतं उणे २७३ पासून. यंत्रात फिरणारं आर-३२ नावाचं द्रव्य वातावरणाच्या दाबाला उणे ५२ च्या आसपास उकळतं, प्रोपेन उणे ४२ ला. बाहेरच्या जाळीत दाब असा ठेवतात की ते द्रव्य हवेपेक्षा सात-आठ अंश थंड राहील. मग उणे ५ ची हवासुद्धा त्याच्या दृष्टीने ऊबदार. ती त्याला उकळवते, कंप्रेसर ती वाफ दाबतो, दाबली की तापते, ती उष्णता पाण्याला देऊन वाफेचं परत द्रव होतं. घरातला फ्रिज रोज हेच करतो. त्याच्या पाठीमागे हात लावून बघा.

कोपऱ्यातला

फ्रिजचं दार उघडं ठेवून घर तापवा, विषय संपला.

उष्णतावाहक

हाहा, तसं केलंत तर सीओपी बरोबर १ येईल. फ्रिज भिंतीत बसवा, दार बाहेरच्या बाजूला उघडं, पाठ घरात. झाला हीट पंप.

आता जिन्याचा हिशोब, कारण थंडगार यांच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. कार्नोच्या सूत्राने आदर्श सीओपी म्हणजे गरम बाजूचं तापमान (केल्विनमध्ये, म्हणजे आपल्या अंशांत २७३ मिळवून) भागिले दोन्ही बाजूंमधला फरक. बाहेर ० अंश आहे असं धरा. रेडिएटरला ३५ अंशांचं पाणी पुरत असेल तर ३०८ भागिले ३५, म्हणजे ८.८. पाणी ४५ चं लागलं तर ७.१. ५५ चं लागलं तर ६. प्रत्यक्षात यातलं ४० ते ४५ टक्केच हाती लागतं, कारण उष्णता देताघेताना दोन्हीकडे काही अंश खर्ची पडतात, कंप्रेसर आदर्श नसतो, पंखा आणि पाण्याचा पंप वीज खातात. म्हणजे ३५ ला साधारण साडेतीन ते चार, ४५ ला तीनच्या आसपास आणि ५५ ला अडीच.

यंत्र तेच, बाहेरची हवा तीच. फक्त पाणी २० अंश जास्त गरम मागितलं आणि बिल दीडपट झालं. तुमचे दोन्ही ओळखीचे खरं बोलत असतील.

मोजपट्टी

उष्णतावाहक यांना +१. मी फक्त पैशाची बाजू मांडते.

गॅसच्या एका युनिटची किंमत १ धरू. तुमचा जुना बॉयलर ८५ टक्के चालत असेल तर घरात पोचणारी एक युनिट उष्णता १.१८ ला पडते. विजेचं युनिट ३.२ ला. वर्षभराची सरासरी सीओपी ३.५ आली तर उष्णता ०.९१ ला पडेल, म्हणजे २० टक्क्यांहून थोडी जास्त बचत. २.५ आली तर १.२८, म्हणजे आजच्यापेक्षा जास्त. बरोबरी कुठे होते? ३.२ गुणिले ०.८५ म्हणजे २.७२. पण न्यायाने तुलना करायची तर नवीन बॉयलरशी करा. तो ९२ टक्के चालला तर बरोबरी २.९४ वर जाते.

तेव्हा तुमच्यासाठी सगळा खेळ ३ च्या अलीकडे की पलीकडे एवढाच आहे. ज्यांच्याकडे वीज गॅसच्या दुप्पटच महाग आहे त्यांना हीट पंप डोळे मिटून परवडतो. जिथे चौपट आहे तिथे फार नीट बसवला तरच. इथे कोणीही येऊन "माझं बिल इतकं कमी झालं" म्हणालं की आधी त्याला हे गुणोत्तर विचारा.

आणि एक. माहितीपत्रकावर ठळक छापलेला ५ चा आकडा बहुतेक वेळा बाहेर ७ अंश, पाणी ३५ अंश या चाचणीचा असतो. तुमच्या घरी हिवाळ्यात तसे दिवस किती येतात? जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने लोक राहत असलेल्या जुन्या घरांत यंत्रांवर मीटर लावून मोजलं. हवेवर चालणाऱ्या यंत्रांची वर्षाची सरासरी ३.१ आली, जमिनीतून उष्णता घेणाऱ्यांची ४.१. हे आकडे मला माहितीपत्रकापेक्षा खरे वाटतात.

पोळलेला

मी तो "बिल दुप्पट" वाला. म्हणजे थंडगार यांच्या ओळखीतला नव्हे, पण त्याच जातकुळीतला.

बसवून गेले, पहिला हिवाळा घरात छान ऊब, आम्ही खूश. बिल आलं आणि बायकोने माझ्याकडे असं बघितलं की बॉयलर परवडला. मग मीच खोदायला लागलो. दोन भानगडी निघाल्या. एक, बसवणाऱ्याने पाणी कायम ६० अंशांवर लावून ठेवलं होतं. बाहेर १० असो की उणे १०, पाणी आपलं ६०. "घर थंड राहिल्याची तक्रार नको" म्हणून. दुसरी जास्त वाईट. यंत्राच्या आत मदतीला एक विजेची कॉइल असते, साध्या गिझरसारखी. ती फार कडाक्याच्या थंडीत सुरू व्हायला हवी. माझ्याकडे बाहेर ५ अंश झाले की ती सुरू होत होती. म्हणजे जवळजवळ सगळा हिवाळा. त्या कॉइलचा सीओपी १. त्या वर्षीची माझी सरासरी १.९.

बदललं काय? बाहेरच्या तापमानाप्रमाणे पाण्याचं तापमान आपोआप वरखाली होईल अशी रेषा लावली, कडाक्याच्या दिवशी ४५, एरवी ३५ च्या आसपास. कॉइल उणे १० च्या खालीच सुरू होईल असं केलं. दोन खोल्यांतले रेडिएटर मोठे घेतले. पुढच्या हिवाळ्यात सरासरी ३.१. यंत्राला पाना लावला नाही, फक्त मेन्यूत बोटं घातली.

संताप कशाचा येतो, तर हे सांगायला कोणी आलं नाही.

शंकासुर

पोळलेला, तुमच्या अनुभवाने माझंच म्हणणं सिद्ध होतं. बॉयलर गाढवासारखा आहे, कसाही हाका, चालतो. हे घोडं. स्वार शिकलेला नसेल तर पाडतं.

पोळलेला

हे मात्र मान्य.

वातकुक्कुट

पाण्याच्या भानगडीत पडायचंच कशाला? भिंतीवरचा इनव्हर्टर एसी उलटा चालवा. तोही हीट पंपच. हवा थेट तापते, ४५ अंशांचं पाणी करायची गरज नाही, म्हणून जिना लहान. बसवायचा खर्च बराच कमी. नॉर्वेसारख्या थंड देशात निम्म्याहून जास्त घरांत हीट पंप आहेत, त्यातले बहुसंख्य असेच हवेतून हवेत. बॉयलर मोडेपर्यंत ठेवा, बैठकीच्या खोलीत एक एसी लावा, निम्मा गॅस तिथेच वाचेल.

तोटेही सांगतो. गरम पाणी मिळत नाही, दारं बंद केली की पलीकडची खोली थंडच, आणि काहींना अंगावर येणारा वारा सहन होत नाही.

जुना_गडी

आमच्याकडे जमिनीत भोक पाडून नळ्या सोडलेल्या आहेत. दहा-पंधरा मीटर खाली गेलं की तापमान वर्षभर जवळपास सारखं, त्या भागातल्या हवेच्या वार्षिक सरासरीइतकं. वर उणे १५ असलं तरी खाली यंत्राला पत्ता लागत नाही. बाहेर पंखा नाही, आवाज नाही, बर्फ नाही. पण खोदाईचा खर्च यंत्राच्या तोडीस तोड येतो आणि अंगण उकरलं जातं ते वेगळंच. घर मोठं असेल, हिवाळा लांब असेल तरच जा.

अवांतर : ही कल्पना नवी नाही. केल्विनने १८५२ मध्येच असं यंत्र सुचवलं होतं. झुरिकचं नगरसभागृह १९३८ पासून शेजारच्या लिमात नदीच्या पाण्यातून उष्णता घेऊन तापवत होते. त्यामुळे "तंत्रज्ञान अजून कच्चं आहे" असं कोणी म्हणालं की मला गंमत वाटते.

थंडगार

बाप रे, एका दिवसात इतके प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. पण १४ की ८ राहिलंच की. मोठं घेतलं तर बिघडलं कुठे? थंडी जास्त पडली तर हाताशी असलेलं बरं, असं पहिला कंत्राटदार म्हणतो.

उष्णतावाहक

बॉयलरच्या बाबतीत ते चालून जायचं. इथे नाही. (आणि बाहेरच्या युनिटला मी यापुढे पेटी म्हणणार, नाहीतर विजेच्या युनिटशी घोळ होतो.)

इनव्हर्टरवाली पेटी आपली ताकद कमी-जास्त करते, पण एका मर्यादेखाली उतरू शकत नाही. ढोबळमानाने कमाल ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश. १४ ची पेटी म्हणजे कमीत कमी चारेक किलोवॅट. बाहेर ८-१० अंश असताना तुमच्या घराला दोनेक किलोवॅट लागत असतील, आणि हिवाळ्यातले बरेचसे दिवस असेच सौम्य असतात. मग ती सुरू-बंद, सुरू-बंद करत बसणार. प्रत्येक सुरुवातीला काही मिनिटं वाया, कंप्रेसरची झीज वेगळी. त्यावर उतारा म्हणून मोठी बफर टाकी (गरम पाणी साठवून ठेवणारी) सुचवतील, तिच्यात गरम-गार पाणी मिसळून आणखी दोन अंश घालवतील.

तुमच्या घराचा आकडा तुम्हीच काढा, कंत्राटदार लागत नाही. पहिला मार्ग ढोबळ. १८,००० युनिट गॅस गुणिले ०.८५, म्हणजे १५,३०० युनिट उष्णता. गरम पाण्याचे ३,००० वजा करा, उरले १२,३००. याला २,००० तासांनी भागा (यंत्र पूर्ण ताकदीने चाललं असतं तर हिवाळाभरात साधारण इतके तास लागले असते), आले सहाएक किलोवॅट. (हिवाळा जिथे फार लांब असतो तिथे २,००० ऐवजी मोठा आकडा घ्यावा.) दुसरा मार्ग जास्त खरा. पुढच्या कडाक्याच्या दिवशी गॅसचा मीटर वाचा, बरोबर २४ तासांनी परत वाचा, आणि त्या दिवसाचं बाहेरचं सरासरी तापमान लिहून ठेवा.

मोजपट्टी

आणि त्याच दिवसांत दुसरा प्रयोग करा. बॉयलरच्या पाण्याचं तापमान ५० वर आणा, रेडिएटरच्या सगळ्या चाव्या पूर्ण उघडा आणि तीन दिवस घरात स्वेटर घालून बसा. कुठली खोली थंड राहते ते बघा. फुकटात कळेल की तुमचे रेडिएटर हीट पंपाला चालतील की नाही. ५० वर जमलं तर ४५ करून बघा.

रेडिएटरवर लिहिलेली ताकद साधारणपणे पाणी खोलीपेक्षा सरासरी ५० अंश गरम असतानाची असते. फरक ३० अंशांवर आला की ती निम्मी होते. २२-२३ अंशांवर एक तृतीयांशाच्या थोडी वर. जुन्या घरांत पूर्वी हात सैल सोडून मोठे रेडिएटर लावायचे, तो उधळेपणा आता कामी येतो.

कोपऱ्यातला

रात्री बंद ठेवायचा की चालू? आमच्याकडे यावरून रोज महाभारत.

पोळलेला

चालू. बंद ठेवलात तर पहाटे, म्हणजे बाहेर सर्वात गार असताना, त्याला जोर लावायला लागतो. पाणी जास्त गरम मागतो, कधी कधी कॉइलही पेटते. रात्री वाचवलं ते सकाळी व्याजासकट जातं.

शंकासुर

हे मला पटत नाही. घर रात्री थंड राहिलं तर बाहेर कमी उष्णता जाते, हे भौतिकशास्त्र आहे. कमी गेली म्हणजे भरून कमी काढायची.

उष्णतावाहक

दोघांचंही बरोबर. उष्णता कमी लागते हे खरं, पण ती चढ्या जिन्याने आणावी लागते हेही खरं. भिंती जाड आणि घर नीट बंदिस्त असेल तर रात्रीतून एखादाच अंश उतरतो, वाचतं काहीच नाही. घर गळकं असेल तर दीड-दोन अंश खाली ठेवून फायदा दिसू शकतो. पूर्ण बंद मात्र नको. आठवडाभर असं, आठवडाभर तसं करून मीटर बघा, महाभारत मिटेल. (किंवा नवं सुरू होईल.)

वातकुक्कुट

बर्फाबद्दल कोणी बोललंच नाही. पेटीवर बर्फ सर्वात जास्त कधी साचतो? उणे १५ ला नाही, तेव्हा हवा कोरडी असते. ० ते ३ अंश आणि दमट हवा, हा खरा शत्रू. मग यंत्र काही मिनिटं उलटं चालून घरातलीच उष्णता वापरून बर्फ वितळवतं. वाफेचा लोट निघतो, शेजारी आग लागली समजून धावत येतात. ते पाणी जायला पेटीखाली नीट वाट ठेवा, नाहीतर पायवाटेवर गोठून कोणी तरी आपटेल.

थंडगार

तीन आठवड्यांनी परत आलो. मधे चांगली थंडी पडली, सगळे प्रयोग केले. घरच्यांनी पहिले दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

सरासरी उणे ५ च्या दिवशी २४ तासांत १५० युनिट गॅस गेला. त्याचे ८५ टक्के १२७, गरम पाण्याचे ७ वजा केले, १२० उरले. भागिले २४, म्हणजे ५ किलोवॅट. आत २० आणि बाहेर उणे ५, फरक २५, तेव्हा दर अंशाला ०.२ किलोवॅट. आमच्याकडे धरायची कमाल थंडी उणे १२, म्हणजे ३२ अंश फरक, ६.४ किलोवॅट. १४ चा प्रश्नच मिटला.

पाणी ५० वर सगळ्या खोल्या २० च्या वर. ४५ वर उत्तरेकडची झोपायची खोली १७.५ वर अडकली, बाकी ठीक. तिथला रेडिएटर पाहिला तर खिडकीखाली अगदी चिमुकला. तो बदलायचा. सगळ्या रेडिएटरची छापील ताकद मिळून १६ किलोवॅट भरली. मोजपट्टी यांच्या हिशोबाने उणे १२ ला ४८ अंशांचं पाणी लागेल, एरवी त्याहून बरंच कमी.

मोजपट्टी

वा! असा गृहपाठ करून येणारे विरळा. या आकड्यांवर ३.२ ते ३.५ ची सरासरी धरायला हरकत नाही. सही करण्यापूर्वी कंत्राटदाराकडून तीन गोष्टी लेखी घ्या : कडाक्याच्या दिवशी पाणी किती अंशांचं, प्रत्येक खोलीचा उष्णतेचा हिशोब, आणि कॉइल कोणत्या तापमानाला सुरू होणार. शिवाय उष्णतेचा आणि विजेचा असे वेगळे मीटर. ते नसतील तर पुढच्या वर्षी तुम्हीही "बिल वाढलं वाटतं" एवढंच सांगू शकाल.

शंकासुर

आणि गॅसची जोडणी? स्वयंपाक विजेवर नेलात तर ती तोडता येईल. दर महिन्याचा स्थिर आकार वाचतो, तो तुमच्या हिशोबात दिसला नाही. (हो, मीच लिहितोय हे.)

पोळलेला

नोंद घ्या, शंकासुर यांनी हीट पंपाच्या बाजूने मुद्दा मांडला.

थंडगार

जोडणीचा मुद्दा डोक्यातच नव्हता, आभार. मात्र सगळं धरूनही, बॉयलर आणि हीट पंप यांच्या किमतीतला फरक वार्षिक बचतीने भागला तर परतफेडीला दहा वर्षांच्या वर लागतात. वीज आणखी महागली तर जास्त. नुसत्या पैशाकडे बघून मी हे केलं नसतं, पण नवा बॉयलर घेऊन पुढची २० वर्षं गॅसच्या भावाला बांधून घ्यायची इच्छा नाही.

८ वाल्याला तीन गोष्टी लेखी मागितल्या. त्याने दोन दिवसांत पाठवल्या, आणि माझे आकडे बघून स्वतःहून ७ किलोवॅटचं, प्रोपेनवर चालणारं मॉडेल सुचवलं. १४ वाल्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

जुना_गडी

छान. आता पेटी कुठे ठेवणार? दोन भिंतींच्या कोपऱ्यात नको, आवाज घुमतो. झोपायच्या खोलीच्या खिडकीखालीही नको, तुमच्या किंवा शेजाऱ्यांच्या. आणि प्रोपेन म्हटलं की तळघराची खिडकी किंवा गटाराचं झाकण यांच्यापासून अंतर ठेवावं लागतं, तो वायू हवेपेक्षा जड असतो.

थंडगार

अरेच्चा. नेमकी तळघराच्या खिडकीशेजारची जागा ठरली होती. उद्या टेप घेऊन परत मोजतो.